गाडीचा आख

गाडीची दोन चाके ज्या लोखंडी दांड्यावर फिरतात, त्याला आख म्हणतात. कोणी कणा असेही म्हणतात. आख मोडला की गाडी बसलीच.

आमचे गाव कराड तालुक्यात आहे. गेल्या साली ऊस घेऊन जाताना ओढ्याच्या उतारावर आमच्या गाडीचा आख मोडला. गाडी कलंडली. सर्जा बैलाच्या गुडघ्याला मार लागला. तो महिनाभर लंगडत होता.

यंदा अण्णांनी घरीच टायरगाडी करायला घेतली. एका जुन्या ट्रॉलीचा आख भंगारात स्वस्त मिळत होता. आबा म्हणाले, "आदी नीट बघा. मुक्या जनावराचा जीव हाय."

मग आम्ही तो आख असा पाहिला.

१) ओझे : हिशेब मी केला. गाडी ४ क्विंटल, ऊस १६ क्विंटल, मिळून २० क्विंटल, म्हणजे २ टन. एकेका चाकावर १ टन. चाक खड्ड्यात आदळले की भार आणखी वाढतो. म्हणून आख जाडच हवा. गुरुजींनी सांगितले की, चौकोनी आखाची जाडी दुप्पट केली तर ताकद आठपट होते.

२) सरळपणा : आखाच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून धरली. मधे बोटभर फट दिसली! आख वाकलेला होता. अशा आखाने टायर एका अंगाने झिजतात आणि बैलांना गाडी जड जाते.

३) बेअरिंग : चाक हाताने फिरवले तर खरखर वाजले.

तो आख आम्ही घेतला नाही. अण्णांनी सांगलीहून नवा आणला. त्यासाठी माझे करडू विकावे लागले. मी लई रडलो. पण सर्जाकडे बघून गप बसलो.

आख बसवतानाही काळजी घ्यावी लागते. फार पुढे बसला तर ओझे मागे पडते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार मागे बसला तर सारे ओझे मानेवर येते. जुवावर थोडाच भार राहावा. मग आम्ही जुवाच्या मध्यापासून आखाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी लावली. दोन्हीकडे सारखी भरली. आख सरळ बसला!

आता गाडी निघण्याआधी वंगण आहे का ते मी रोज बघतो. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तुम्हीही बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी