सुखदुःखाचे धागे

दुःखाची कथा वाचताना आपले डोळे भरून येतात. तरीही ती कथा आपण मिटून ठेवीत नाही. उलट ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. ज्या दुःखापासून आपण प्रत्यक्षात दूर पळतो, तेच पुस्तकात आपणांस जवळचे का वाटावे? हा प्रश्न फार जुना आहे.

वाल्मीकींची कथा तुम्हांला ठाऊक असेलच. तमसा नदीच्या काठी एका व्याधाने क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतील नराला बाण मारला. मादीचा आक्रोश ऐकून ऋषींचे मन कळवळले. त्या वेळी त्यांच्या मुखातून जे उद्गार निघाले, तेच पहिले काव्य होय, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या दुःखाने व्याकूळ होणे हाच काव्याचा उगम, असे आपल्या पूर्वजांनी मानले. वाल्मीकींच्या रामायणातील पंचवटी ती नाशिकचीच, अशी लोकांची श्रद्धा आहे.

ह्याच नाशिकात विसाव्या शतकात एक थोर मराठी कवी राहत असत. त्यांचे नाव विष्णु वामन शिरवाडकर. त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ रोजी झाला. धाकट्या बहिणीचे नाव कुसुम. तिचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ, म्हणून त्यांनी ‘कुसुमाग्रज’ हे टोपणनाव घेतले. नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा, म्हणून १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ह्या लढ्यात कुसुमाग्रजांनी ऐन तारुण्यात भाग घेतला होता. पुढे त्यांचा जन्मदिवस ‘मराठी भाषा गौरव दिन’ म्हणून साजरा होऊ लागला. प्रेम, महत्त्वाकांक्षा, दुःख आणि यातना हे चार धागे साहित्यात कसे विणले जातात, हे त्यांच्या लेखनातून चांगले कळते.

प्रथम प्रेम पाहू. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा प्रसिद्ध काव्यसंग्रह १९४२ साली प्रकाशित झाला. त्यात ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ ही कविता आहे. पृथ्वी युगानुयुगे सूर्याभोवती फिरते, हे आपण भूगोलात शिकतो. कवीला त्या फिरण्यात प्रीती दिसली. शुक्र, मंगळ, धूमकेतू असे कितीतरी जण पृथ्वीची मनधरणी करतात. पण तिचे मन एका सूर्यावर जडले आहे. त्याच्याजवळ गेली तर ती जळून जाईल. आणि दूर राहिली तर विरह चुकणार नाही. तरीही क्षुद्राची जवळीक तिला नको, भव्याचे दूर असणे ती पत्करते. केवळ मिळवणे म्हणजे प्रेम नव्हे; जे श्रेष्ठ आहे त्याची ओढ मनात जागती ठेवणे हेही प्रेमच होय. मात्र अशा प्रेमाच्या पाठोपाठ दुःखही येते, हे ध्यानात ठेवा.

आता महत्त्वाकांक्षा. त्याच संग्रहात ‘कोलंबसाचे गर्वगीत’ आहे. १४९२ साली कोलंबस तीन जहाजे घेऊन स्पेनहून निघाला व अथांग महासागर ओलांडून अज्ञात भूमीला जाऊन पोहोचला. कवितेतील कोलंबस खवळलेल्या समुद्रालाच आव्हान देतो. समुद्र कितीही मोठा असला तरी त्याला मर्यादा आहे; माणसाच्या आकांक्षेला ती नाही, असा त्याचा अभिमान आहे. ही कविता वाचताना आपलीही छाती फुगते. परंतु इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. त्या सफरीमागून जे लोक गेले, त्यांच्या लोभामुळे व त्यांच्याबरोबर आलेल्या रोगांमुळे तेथील मूळ रहिवाशांना अपार हाल सोसावे लागले. महत्त्वाकांक्षेची ही काळी बाजू कुसुमाग्रजांनीही ओळखली होती. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकाच्या आधारे त्यांनी ‘राजमुकुट’ हे नाटक लिहिले. मॅक्बेथ हा शूर सेनापती. पण राज्याच्या लोभाने तो राजाची हत्या करतो आणि मग एका पापातून दुसऱ्या पापात बुडत जातो. समुद्राशी झुंजणारी आकांक्षा माणसाला मोठे करते; माणसांना तुडविणारी आकांक्षा त्याचाच नाश करते.

दुःखाचे चित्र त्यांच्या ‘नटसम्राट’ नाटकात पाहावयास मिळते. हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये प्रथम रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर हे एके काळचे गाजलेले नट. ते आपले सर्व धन मुलगा व मुलगी यांना वाटून टाकतात. पण ज्यांना सर्वस्व दिले, त्यांच्याच घरी त्यांना व त्यांच्या पत्नीला अपमान सोसावा लागतो. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ ह्या नाटकाची येथे आठवण होते. अखेर ह्या निराधार वृद्धाला आसरा कोण देतो? रस्त्यावर बुटांना पॉलिश करणारा एक गरीब पोरगा! रक्ताचे नाते जेथे आटले, तेथे माणुसकीचा झरा फुटला. नाटक पाहून घरी परतताना एखाद्या प्रेक्षकाला आपल्या वृद्ध आईवडिलांची आठवण होत असेल, तर त्या दुःखाच्या कथेचे सार्थक झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

राहिल्या यातना. गोदावरीला नाशिककर प्रेमाने ‘गंगा’ म्हणतात. पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठवर लागले, ह्यावरून ते पुराचा अंदाज बांधतात. अशा पुराने ज्याचे घर धुऊन नेले, असा एक माजी विद्यार्थी कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ ह्या कवितेत आपल्या गुरुजींकडे येतो. गुरुजींचा हात खिशाकडे जातो. पण त्याला पैसे नको असतात. पुन्हा उभे राहण्यासाठी गुरुजींचा धीराचा स्पर्श तेवढा हवा असतो. पुराने भिंत पाडली, मन पाडले नाही. कवितेला ‘कणा’ हे नाव का दिले असेल, हे आता तुमच्या लक्षात येईल.

हे चारही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. प्रेम केले की विरहाचे दुःख येते. आकांक्षा धरली की कष्ट सोसावे लागतात. आणि ती बेभान झाली की इतरांना यातना होतात. यातना सोसताना कुणाचे प्रेम लाभले, तर माणूस पुन्हा उभा राहतो. साहित्य दुःखाचा नाश करीत नाही. क्रौंच पक्ष्याचे प्राण वाल्मीकींच्या काव्याने परत आले नाहीत. परंतु ज्याचे दुःख आपण कधी भोगले नाही, त्याच्या जागी क्षणभर उभे राहावयास साहित्य शिकविते. ह्यालाच सहानुभूती म्हणतात. ज्याच्या अंगी ती आहे, तो शेजाऱ्याचे अश्रू पाहून पाठ फिरविणार नाही.

अभ्यास

१. पृथ्वीने सूर्याचीच निवड का केली, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. कोलंबसाची आकांक्षा व मॅक्बेथची आकांक्षा यांत कोणता भेद आहे?
३. घर गमावलेल्या विद्यार्थ्याने पैसे का घेतले नसावेत?
४. वाचलेल्या एखाद्या कथेमुळे दुसऱ्याचे दुःख तुम्हांला कसे कळले, ह्यावर दहा ओळी लिहा.