विचार केव्हां थांबवावा?

कोणतेंही कार्य हातीं घेण्यापूर्वीं पूर्ण विचार करावा, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु विचारासही वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळांत जग स्वस्थ बसून राहत नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्रांत हा प्रश्न अगदीं व्यवहाराचा होऊन बसला आहे. कारण तेथें विचाराची किंमत मोजतां येते.

भोंवतालची परिस्थिति पाहून स्वतः निर्णय घेणाऱ्या यंत्रास किंवा आज्ञावलीस या शास्त्रांत एजंट म्हणतात. अशा एजंटाची परीक्षा घेण्यासाठीं मार्था पोलॅक व मार्क रिंगेट यांनीं १९९० सालीं अमेरिकेंत 'टाइलवर्ल्ड' नांवाचा एक खेळ संगणकावर रचला. बुद्धिबळाच्या पटासारखीं घरें. त्यांत कांहीं फरशा, कांहीं अडथळे व कांहीं खड्डे. फरशी ढकलीत नेऊन खड्डा भरला कीं गुण मिळतात. मौज अशी कीं, खड्डे आपोआप उत्पन्न होतात व आपोआप नाहींसेही होतात.

डेव्हिड किनी व मायकेल जॉर्जेफ यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच खेळ अधिक सोपा करून त्यांत दोन स्वभावांचे एजंट सोडले. एक धाडसी: बेत एकदां ठरला कीं तो तडीस जाईपर्यंत फेरविचार नाहीं. दुसरा सावध: पावलागणिक थांबून, अजून हाच खड्डा योग्य आहे काय, हें पुनः पाहणारा. विद्यार्थिमित्रहो, आपला कौल बहुधा सावधाकडेच जाईल. परंतु पट संथपणें बदलत असतां धाडसीच वरचढ ठरला. सावधाचा वेळ व्यर्थ फेरविचारांत गेला. पट झपाट्यानें बदलूं लागल्यावर मात्र सावध पुढें गेला, कारण केव्हांच नाहींशा झालेल्या खड्ड्याकडे धाडसी निष्ठेनें चालत राही!

पुढें याच संशोधकांनीं धाडसी एजंटास एवढीच मुभा दिली कीं, लक्ष्य नाहींसें होतांच बेत सोडावा. आणि त्याचें यश पुष्कळ वाढलें. माझ्या मतें साऱ्या प्रयोगांत हीच गोष्ट अधिक मननीय आहे. क्षणोक्षणीं सर्व जगाकडे पाहण्याची गरज नाहीं. आपला बेत ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, तिच्यावर नजर ठेविली म्हणजे पुरे. ती गोष्ट कोणती, हें मात्र यंत्र रचणाऱ्यानें आधींच ओळखावें लागतें, आणि खरें कठीण काम तेंच.

चालकाविना चालणारी मोटार घ्या. शहरास कोणत्या वाटेनें जावें, हें ती निघतांना ठरवूं शकते. परंतु समोर एखादें मूल धांवत आलें, तर नकाशाचा विचार करीत बसण्यास अवकाश नाहीं. म्हणूनच रॉडनी ब्रुक्स यांनीं १९८६ सालीं मांडलेल्या यंत्ररचनेंत टक्कर टाळण्याचें काम सर्वांत खालच्या थराकडे सोंपविलें आहे. वरचे थर वाट आंखीत असतांही तो थर आपलें काम अखंड करीत राहतो.