हिमालयातला बर्फ आणि मढचा पाऊस



जुन्नरहून माळशेज घाटाकडे जाताना मढ नावाचे गाव लागते. मे महिन्याच्या अखेरीस या भागात गेलात, तर राब भाजून झालेले आणि शेतकऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले दिसतील. पाऊस वेळेवर आला, तर रोपे तरारतात आणि आवणी होते. तो लांबला, तर वर्षाचे भात धोक्यात येते.

अशा शेतकऱ्याला, “यंदा हिमालयात बर्फ किती पडला?” असे विचारले, तर तो हसेल. त्याने बर्फ पाहिला तो वळिवाच्या गारांत, नाहीतर जत्रेत भुशात ठेवलेल्या लादीत! पण हाच प्रश्न हेन्री ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञाने गंभीरपणे विचारला होता.

१८७५ मध्ये भारतीय हवामानखाते स्थापन झाले आणि ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पावसाचा अंदाज आधी कळला, तर माणसे वाचवता येतील, हे सर्वांना पटले. हिमालयात बर्फ जास्त पडला आणि उशिरापर्यंत टिकला, की पुढचा पावसाळा कमजोर जातो, असे ब्लॅनफर्ड यांना नोंदींवरून आढळले. १८८४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पावसाळ्याचे नियमित अंदाज ४ जून १८८६ पासून सुरू झाले.

हे कसे घडत असेल? त्यासाठी बर्फाचे दोन गुण समजून घेऊ.

पहिला गुण घरीच पाहता येईल. एका वाडग्यात बर्फाचे तुकडे व थोडे पाणी घ्या. त्यात प्रयोगशाळेतील तापमापी ठेवा. वाडगा उन्हात ठेवून मिश्रण ढवळत राहा आणि दर दोन मिनिटांनी तापमान लिहा. बर्फ शिल्लक असेपर्यंत तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासच राहील. मग उन्हाची उष्णता गेली कोठे? ती बर्फ वितळवण्यात खर्च झाली! शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. या उष्णतेला विलयनाचा अप्रकट उष्मा म्हणतात.

दुसरा गुण रंगाचा. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी ८० ते ९० टक्के भाग परत पाठवतो. उघडी काळपट जमीन मात्र बहुतेक प्रकाश शोषून घेते व तापते.

आता हिमालयाकडे वळू. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे आत येतात. हेच आपले मोसमी वारे. पण डोंगरांवर बर्फ खूप साचला असेल, तर बराच प्रकाश परत जातो आणि उरलेल्या उष्णतेतील मोठा वाटा बर्फ वितळवण्यात जातो. जमीन उशिरा तापते आणि वाऱ्यांचा जोर कमी पडतो.

मात्र केवळ बर्फ मोजून पाऊस सांगता येत नाही. हा नियम काही वर्षी जुळला, काही वर्षी चुकला. १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या प्रदेशांतील हवेच्या दाबाचाही आपल्या पावसाशी संबंध असल्याचे दाखवले. पुण्यात शिवाजीनगरला गेलात, तर ‘सिमला ऑफिस’ नावाची इमारत जरूर पाहा. १९२८ मध्ये हवामानखात्याचे मुख्यालय सिमल्याहून येथे आले, म्हणून हे नाव. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले. पण पावसाच्या अंदाजाचे काम पुण्यात आजही चालते.

मग बर्फ कमी झाला, तर आपला फायदाच, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावर १९७९ च्या सप्टेंबरात सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ पसरला होता. अलीकडे त्या महिन्यात तो ४० ते ५० लाखांच्या दरम्यान असतो. पांढरा बर्फ गेला, की खालचे गडद पाणी उघडे पडते. ते अधिक उष्णता शोषते आणि त्यामुळे आणखी बर्फ वितळतो. असे हे चक्र स्वतःच वेग घेते आणि सगळ्या पृथ्वीचे तापमान वाढवते. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो धो कोसळण्याचा संभव वाढतो. भाताला मात्र हवा असतो बेताचा, वेळेवरचा पाऊस.

तेव्हा पुढच्या वेळी अंगणात गारा पडल्या, की एक गार तळहातावर धरा. हात गार पडेल, कारण ती तुमच्या हातातली उष्णता घेत असेल. तीच गोष्ट हिमालयातला बर्फ उन्हाच्या उष्णतेबाबत करतो. त्याचा परिणाम पुढे मढच्या खाचरापर्यंत येऊन पोचू शकतो.