दुसऱ्याच्या बोटांची सवय

विंडोजवरच्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल-डी दाबलं की कर्सरखालचा शब्द सिलेक्ट होतो, पुन्हा दाबलं की तोच शब्द पुढे जिथे आला असेल ती जागाही. इंटेलिजे या दुसऱ्या एडिटरमध्ये याच बटणांनी अख्ख्या ओळीची नक्कल होते. इंटेलिजेमधलं कंट्रोल-डब्ल्यू निवड टप्प्याटप्प्याने वाढवतं. व्हीएस कोडमध्ये त्याने समोरची फाइल बंद होते. ज्याला जे अंगवळणी पडलं ते त्याने खुशाल वापरावं. पण एकाच्या बोटांची सवय न सांगता दुसऱ्याच्या संगणकात घुसवली की काय होतं, हे प्रस्तुत लेखिकेने सोसलं आहे, आणि तो राग अजून गेलेला नाही.

तिच्या टीमच्या लीडने प्रोजेक्टच्या सेटअप स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली होती. स्क्रिप्ट चालवली की त्याची स्वतःची कीबाइंडिंगची फाइल प्रत्येकाच्या युजर फोल्डरात जाऊन बसायची. त्या फाइलीत कंट्रोल-डीला नेहमीच्या कंट्रोल-शिफ्ट-एलचं काम दिलेलं होतं, म्हणजे सगळ्या जागा एकदम सिलेक्ट करण्याचं. कोणाला कळवलं नाही, कुठे लिहिलं नाही.

लेखिकेला एका जेसन फाइलीत ‘आयडी’ या नावाच्या लगतच्या दोन नोंदी बदलायच्या होत्या. तिने ती दोन अक्षरं सिलेक्ट केली, कंट्रोल-डी दाबलं, नवं नाव टाइप केलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आय आणि डी लागोपाठ येणारे शब्द किती असतात! ‘पेड’, ‘व्हॅलिड’, ‘विड्थ’. स्क्रीनच्या खाली, नजरेआड, ते सगळे बदलले. जेसन वाक्यरचनेने शुद्धच राहिली, त्यामुळे एडिटरने कुठेही लाल रेघ मारली नाही. टेस्ट सर्व्हरवर मात्र पैसे भरलेल्या ऑर्डरी न भरलेल्या दिसू लागल्या.

मीटिंगमध्ये लीड सगळ्यांदेखत म्हणाला, “अगं, स्क्रीनकडे बघून टाइप करत जा.” तो बदल रिव्ह्यूमध्ये त्यानेच मंजूर केला होता. त्याबद्दल अवाक्षर नाही.

त्या संध्याकाळी तिने कंट्रोल-के, कंट्रोल-एस दाबून शॉर्टकटची यादी उघडली आणि कंट्रोल-डी शोधलं. उगमाच्या रकान्यात ‘युजर’ असं होतं. युजर म्हणजे ती स्वतः, आणि तिने तर ती फाइल कधी उघडलीही नव्हती. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकल्यावर इतरांनीही आपापली यादी पाहिली, सगळीकडे तेच. “सगळ्यांचा वेळ वाचावा म्हणून केलं होतं,” एवढंच उत्तर आलं. ती ओळ स्क्रिप्टमधून मुकाट्याने गेली. माफी आजतागायत नाही.

ज्यांना स्वतःचे सिलेक्शन शॉर्टकट बनवायचे आहेत त्यांनी जरूर बनवावेत. वेळ खरोखर वाचतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कर्सर नुसता शब्दावर ठेवून कंट्रोल-डी दाबलं तर व्हीएस कोड पूर्ण शब्द आणि लहान-मोठी अक्षरं पाळतो. आधी हाताने सिलेक्ट केलं तर शोध-खिडकीतली सेटिंग लागू होतात, आणि तिथे ‘पूर्ण शब्द’ चालू नसेल तर शब्दाच्या पोटातली अक्षरंही सापडतात. हा फरक फार थोड्यांना ठाऊक असतो. टाइप करण्याआधी खालच्या पट्टीवर किती सिलेक्शन झाली तो आकडा वाचावा. एखादं जास्त झालं तर कंट्रोल-यू शेवटचं सिलेक्शन मागे घेतं.

व्हीएस कोडची कीबाइंडिंग प्रोजेक्टपुरती नसते, युजरची असते, म्हणून एका प्रोजेक्टची स्क्रिप्ट सगळ्या कामांत घोळ घालू शकते. कीबाइंडिंगच्या फाइलीतले नियम खालून वर तपासले जातात. दोन भिडले तर खालचा जिंकतो. कमांडच्या आधी वजा चिन्ह लावलं की मूळ बाइंडिंग रद्द होतं. शॉर्टकट म्हणून कंट्रोल-ऑल्ट-४ मात्र टाळावं: विंडोजच्या इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर त्याने ₹ उमटतो. बॅकअप ठेवावा, डिफ वाचावा, हे तर आहेच.

आणि नव्या टीमची सेटअप स्क्रिप्ट चालवण्याआधी ती उघडून युजर फोल्डरात काही लिहिते का ते पाहावं. लिहीत असेल तर ती ओळ काढायला सांगावं, तेही तोंडी नाही, ईमेलवर.