नावे अनेक, स्वामी एक : गूगलच्या व्यापाची ओळख

ग्रामपंचायतीचा अधिकारी जीमेलवरून अहवाल पाठवितो, शिक्षक यूट्यूबवरील धडा वर्गात दाखवितो, किराणा दुकानदार गूगल पेद्वारे रक्कम स्वीकारतो आणि परगावचा पाहुणा गूगल मॅप्सच्या आधारे घर शोधतो. यांपैकी बहुतेकांचा फोन अँड्रॉइड या प्रणालीवर चालतो. नावे भिन्न असली तरी या सर्वांचा स्वामी एकच आहे; तो म्हणजे अमेरिकेतील गूगल ही कंपनी आणि तिची पालक कंपनी अल्फाबेट. सार्वजनिक कामात या सेवांचा वापर वाढत असताना त्यांचे मूळ व अर्थकारण समजून घेणे अगत्याचे ठरते.

उगम आणि उत्पन्न

स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगलची स्थापना केली. एखाद्या पानाकडे इतर किती आणि किती महत्त्वाची पाने निर्देश करतात, यावरून त्या पानाचे स्थान ठरविणे, हे त्यांच्या शोधपद्धतीचे वैशिष्ट्य होते. २००० मध्ये शोधाच्या निकालांलगत जाहिराती देण्याची योजना सुरू झाली. विशिष्ट शब्दांसाठी जाहिरातदारांची बोली लागते आणि वाचकाने जाहिरात उघडली की कंपनीला मोबदला मिळतो. २०२४ मध्ये अल्फाबेटचे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते व त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जाहिरातींतून आला. सेवा विनामूल्य वाटतात त्याचे कारण हेच होय. त्यांचे मोल वापरणाऱ्याच्या खिशातून नव्हे, तर त्याच्या लक्षातून आणि त्याच्याविषयीच्या माहितीतून वसूल होते.

खरेदीतून विस्तार

जीमेल (२००४) व क्रोम (२००८) कंपनीने स्वतः उभारले. परंतु अनेक सेवा खरेदीतून आल्या. २००४ मध्ये घेतलेल्या कीहोल कंपनीच्या कामातून गूगल अर्थ आकारास आले. २००५ मध्ये अँड्रॉइड ही लहानशी कंपनी, २००६ मध्ये १.६५ अब्ज डॉलरला यूट्यूब, तर २००८ मध्ये ३.१ अब्ज डॉलरला डबलक्लिक ही जाहिरात कंपनी गूगलकडे आली. २०१४ मध्ये डीपमाइंड ही लंडनची कृत्रिम बुद्धिमत्तेतील कंपनी व २०२१ मध्ये फिटबिट ही मनगटी उपकरणांची कंपनी या परिवारात दाखल झाली. २०१५ मध्ये या सर्व पसाऱ्याची फेररचना होऊन अल्फाबेट ही पालक कंपनी स्थापन झाली.

सर्वच व्यवहार फळास आले असे नव्हे. २०१२ मध्ये साडेबारा अब्ज डॉलरला घेतलेली मोटोरोला मोबिलिटी कंपनी गूगलने दोनच वर्षांत लेनोव्होला विकून टाकली. ऑर्कुट २०१४ मध्ये, तर गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले.

मक्तेदारीचा प्रश्न

फोनची प्रणाली, न्याहाळक आणि शोधयंत्र एकाच हाती असल्यास नव्या स्पर्धकास ग्राहकापर्यंत पोहोचणे कठीण होते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडविषयक प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदेशीररीत्या टिकविल्याचा निष्कर्ष काढला.

लाभ आणि दक्षता

या सेवांचे लाभ नाकारता येणार नाहीत. २०१३ मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत मराठीचा समावेश झाला. रेलटेलच्या सहकार्याने रेल्वे स्थानकांवर मोफत वायफाय देण्याच्या योजनेचा प्रारंभ जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून झाला. तथापि २०२० मध्ये गूगलने या योजनेतून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. खासगी कंपनीचे प्राधान्य बदलू शकते, हा यातील बोध होय.

सेवा आणि तिच्यामागील व्यवस्था यांतील भेदही ध्यानी घ्यावा. २०१७ मध्ये ‘तेझ’ या नावाने आलेले गूगल पे ज्या यूपीआय व्यवस्थेवर चालते, ती व्यवस्था मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाची आहे. गूगल पे हे त्या व्यवस्थेचे अनेक दरवाजांपैकी एक दार आहे. एक दार बंद झाले तरी दुसऱ्या दाराने व्यवहार सुरू राहतो.

कार्यालयीन दप्तराला मात्र असे दुसरे दार आपोआप मिळत नाही. ते जाणीवपूर्वक ठेवावे लागते. शाळेचे वा ग्रामपंचायतीचे खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नावे असल्यास त्याची बदली होताच कागदपत्रे अडकतात. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते मजकुरासह नष्ट होऊ शकते, असा कंपनीचा नियम आहे. म्हणून शासकीय कामासाठी शासनाचीच ईमेल सेवा वापरावी, कार्यालयाच्या खात्याचा परवलीचा शब्द कार्यभाराबरोबर रीतसर सोपवावा व महत्त्वाच्या नोंदींची प्रत कार्यालयात जतन करावी. गूगल टेकआउट या सोयीने खात्यातील मजकूर उतरवून घेता येतो. साधन कोणाचेही असो, गावाचे दप्तर गावाच्या हाती राहिले पाहिजे.