पुनर्दर्शन आणि आस्वाद : लिंब येथील बारा मोटांची विहीर

प्रास्ताविक

एखादी कलाकृती एकदा पाहिली की ती आपल्याला कळली, असा आपला समज असतो. तीच कलाकृती पुन्हा पाहताना हा समज किती अपुरा होता, हे जाणवते. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीच्या आधारे आपण हा मुद्दा समजून घेणार आहोत.

पहिले दर्शन

छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, इ. स. १७१९ ते १७२४ या दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवली. अष्टकोनी बांधणीची ही विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद आहे. वरून पाहता तिचा आकार शिवलिंगासारखा दिसतो. आत दगडी दालन असून त्याच्या खांबांवर देवता, फुले आणि प्राणी कोरलेले आहेत. प्रथम येणारा या भव्यतेने दिपून जातो. त्याची नजर दगडावर खिळते, पाण्यापर्यंत पोचत नाही.

दुसरे दर्शन

दुसऱ्या भेटीत काठावरील मोटांच्या जागा मोजून पाहाव्यात. नाव बारा मोटांचे असले, तरी येथे पंधरा मोटांची सोय आहे. बैल धावेवरून उतरत, तेव्हा नाड्याला बांधलेली चामड्याची मोट वर येई. थारोळ्यात पडलेले पाणी पाटाने शिवारात जाई. बैल मागे सरत वर आले की मोट पुन्हा पाण्यात उतरे. पाणी जितके खोल, तितकी बैलांची चाल लांब. ‘११० फूट’ या आकड्यात आता बैलांचे आणि मोटकऱ्याचे श्रम दिसू लागतात. आपल्या लोकसाहित्यातील मोटेवरची गाणी याच श्रमांच्या सोबतीने गायली गेली. ज्या पाण्यासाठी एवढे कष्ट उपसायचे, त्याच्या भोवती माणसाने शिल्प का कोरले असेल, याचे उत्तरही येथेच सापडते.

लिंबजवळून वाहणारी कृष्णा पुढे सांगलीला जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्याच पुराने सांगली शहरात घरे बुडाली. त्याच जिल्ह्यातील जत व आटपाडी हे तालुके मात्र दुष्काळाने ओळखले जातात. म्हैसाळ योजनेत कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून जतकडे नेले जाते. मोट गेली, तरी पाणी उचलण्याचे मोल संपले नाही. घरातला नळ सोडताना ते जाणवत नाही. या विहिरीच्या काठावर ते डोळ्यांना दिसते.

सारांश

पहिल्या दर्शनात रूप कळते, तर पुनर्दर्शनात त्या रूपामागील गरज, श्रम आणि निसर्गाविषयीची कृतज्ञता उमगते. आस्वाद प्रगल्भ होतो तो या टप्प्यावर.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील जुनी विहीर, बारव किंवा नदीघाट दोनदा पाहा. दोन भेटींच्या मधल्या काळात मोट पाहिलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला. दुसऱ्या भेटीत नव्याने काय दिसले, ते दहा ओळींत लिहा.