पंडवानीतील रचनेची प्रेरणा

कलावंताला रचनेची प्रेरणा कोठून लाभते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आशयाच्या नावीन्यात शोधले जाते. परंतु कथा श्रोत्यांना आधीच ठाऊक असेल, तर हे उत्तर अपुरे पडते. छत्तीसगढची पंडवानी हे याचे ठळक उदाहरण होय.

पांडवकथेच्या या गायनाच्या दोन शैली मानल्या जातात. वेदमती शैलीत गायक बसून गातो आणि सबलसिंह चौहान यांच्या महाभारताचा आधार घेतो. कापालिक शैलीत तो उभा राहून साभिनय गातो व स्मरण आणि कल्पना यांच्या बळावर प्रसंग फुलवितो. स्त्रियांनी बसूनच गावे, असा संकेत होता. भिलाईजवळच्या गनियारी गावी १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंनी तो मोडला. मातामहांच्या तोंडून ऐकलेली कथा त्यांनी किशोरवयातच उभे राहून गायिली. त्याबद्दल त्यांना जातीचा बहिष्कार सोसावा लागला. पुढे भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली, आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान लाभला.

उभे राहण्याने केवळ संकेत मोडला नाही. रचनेचा घाटही बदलला. हातातील तंबोरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य. नेपथ्य नाही, पात्रे नाहीत. साधनांची ही मर्यादाच कल्पनेला चालना देते. साथीला बसलेला रागी हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो. प्रसंग कोठे लांबवावा आणि कोठे आवरावा, हे त्या प्रतिसादातून ठरत जाते.

मराठी कीर्तनाशी येथे तुलना सुचते. कीर्तनकारही उभा राहून परिचित आख्यान सांगतो. मात्र नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण उत्तररंगाला दिशा देते. कापालिक पंडवानीत ही दिशा प्रामुख्याने प्रसंगातून व देहाच्या हालचालीतून मिळते. भिलाईच्याच ऋतु वर्मा यांचे वेदमती गायन शेजारी ठेवले, म्हणजे एकाच कथेतून दोन भिन्न आकृतिबंध कसे सिद्ध होतात, हे स्पष्ट होते.

यावरून अभ्यासपद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. पंडवानीचे केवळ शब्द उतरवून घेतलेली संहिता म्हणजे ती रचना नव्हे. विराम, रागीचा प्रतिसाद, तंबोऱ्याची स्थिती यांचीही नोंद व्हावयास हवी. एरवी अभ्यासकाच्या हाती सर्वांना ठाऊक असलेली कथा तेवढी उरेल.